निदान रेषा

गुरुवारी रात्री सोहारला, मासळीबाजारामागच्या गच्चीवर
एसीचं पाणी डब्यात ठिबकत असतं
आणि वाद पेटतो तो नेहमीचाच :
आपल्या विद्यापीठाचा सगळ्यात मोठा कोच कोण?

नदाफ म्हणतो, इंगवले सर. दुसरं नाव काढायचं नाही.
सलग सात वर्षं ढाल. आपली जर्सी दिसली
की समोरचे मांडीवर थाप मारायला विसरायचे.

खोब्रागडे हसतो. ढाली काय, भांड्यांच्या दुकानातही मिळतात.
थत्ते मॅडमनी खो-खोला पोरी आणल्या कुठून?
जिथे एसटी आठवड्यातून तीनदा जायची तिथून.
एकेकीच्या बापासमोर ओट्यावर जाऊन बसल्या,
चहा घेतल्याशिवाय उठल्या नाहीत
आणि होकार घेतल्याशिवायही.

गुरव व्हॉलीबॉलचा. त्याला नाडगौडांपलीकडे माणूस दिसत नाही.
हरल्यावर नाडगौडा कुणाशी बोलायचे नाहीत,
नेट स्वतः सोडायचे, घडी घालायचे नव्या धोतरासारखी.
‘पण जिंकले किती?’
‘जिंकणं वेगळं रे.’
‘वेगळं कसं? पगाराच्या दिवशी सांग वेगळं.’

करक चहाच्या कागदी पेल्यावर पेनाने गुण मांडले जातात.
समुद्राकडून वारा नाही, नुसती ओल.

मी बिडकरांचं नाव घेतो.

सगळे गप्प, पकड बसल्यासारखे.
मग नदाफ : ‘ते? ते तर पळाले.’

खरं आहे. अंतिम सामन्याला नऊ दिवस होते
आणि सरांचा व्हिसा आला.
मैदानावर आले ते इस्त्रीच्या शर्टात,
मातीत बसायचं नाही म्हणून उभेच राहिले.
शिट्टी माझ्या हातात दिली. म्हणाले,
‘निदान रेषा ओलांडल्याशिवाय माघारी फिरू नको.
ती ओलांडली नाहीस तर तू गेलाच नव्हतास.’
आम्ही अकरा गुणांनी हरलो. शेवटची चढाई माझी.
परतीच्या बसमध्ये त्यांना घातलेल्या शिव्या
मला अजून क्रमाने पाठ आहेत.

सोळा वर्षांनी इथल्या स्मेल्टरमध्ये, माझ्या पहिल्याच आठवड्यात
आगीची खोटी घंटा वाजली.
हिरव्या पाटीखाली रांगेत आम्ही :
बंगाली, नेपाळी, मल्याळी, बलुची.
पुढे पिवळ्या हेल्मेटातला एक वाकलेला माणूस
बोटाने डोकी मोजत येत होता, मराठीत,
‘दोनशे अठ्ठ्याण्णव, दोनशे नव्व्याण्णव.’
थांबला. परत मोजलं. एक कमी.
आणि मग तो धावला.
साठीचा माणूस, लोखंडी टाचांचे बूट, मे महिन्याची दुपार,
वळताना डावा खांदा आधी टाकायची तीच तऱ्हा.
संडासात झोपी गेलेल्या एका पोराला
मनगटाला धरून उन्हात आणला.
दम लागला होता. तो गिळून म्हणाला,
‘तीनशे.’

मला ओळखलं नाही त्यांनी. किंवा ओळखलं असेल,
ओळखपत्रावरच्या नावाशी नजर जरा जास्त रेंगाळली इतकंच.
मीही पुढे झालो नाही.
दिवाळीआधी ते निवृत्त होऊन गेले. निरोपाचा केक उरला होता,
मला एक तुकडा मिळाला.

हे मी गच्चीवर सांगत नाही.
‘अर्धा गुण तरी मांडा,’ एवढंच म्हणतो.
‘कबड्डीत अर्धा नसतो,’ नदाफ.
‘पळालेल्याला तर शून्यही नसतो.’
‘आपण इथे काय चालत आलो?’ हे गुरव, अचानक,
आणि कुणीच त्याच्याकडे बघत नाही.

खोब्रागडे पेला फिरवतो, कोरी जागा शोधतो,
एक रेघ ओढतो. आडवी.
हिला गुण म्हणायचं की नुसती रेषा,
यावरून नवा वाद.
पहाटे साडेचारला कॅम्पची बस आहे.