एक पूर्णांक आठ दशांश

सकाळी सहाला मी मास्क काढते.
नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ,
गालावर पट्ट्याची खूण,
आणि मशीनच्या पडद्यावर हसरा हिरवा चेहरा.
एक पूर्णांक आठ दशांश.
म्हणजे तासाला धड दोनदाही
थांबला नाही माझा श्वास.
आधी त्रेचाळीसदा थांबायचा.

हेमराज पांघरुणातूनच विचारतो, 'किती?'
मी आकडा सांगते.
'झकास,' म्हणतो आणि कूस बदलतो.
अकरा वर्षं हा माणूस उशीवर कोपर टेकून
माझा पुढचा श्वास येतोय का, बघत जागला.
आता ढाराढूर झोपतो.
त्याच्या झोपेत मी कसा खडा टाकू?

चहाला उकळी येईस्तोवर
ओट्याला टेकून डोळे मिटते.
कुणीतरी डोळ्यांमागे ओलं पोतं ठेवलंय.
पाय शेजारणीकडून उसने आणल्यासारखे,
जपून वापरावे लागतात.

अंबडच्या लॅबमध्ये मी प्रेशर गेज तपासते,
सत्तावीस वर्षं झाली.
बॉयलरचे, कॉम्प्रेसरचे,
दिंडोरीकडच्या वाइनरीतल्या टाक्यांचे.
वजन चढवते, काटा चढतो,
वजन काढते, काटा शून्यावर येतो,
सर्टिफिकेट, शिक्का, सही.
महिन्यातून एखादा फोन येतोच:
'मॅडम, काटा बरोबर दाखवतोय,
पण काम होत नाहीये.'
माझं उत्तर पाठ आहे:
'काट्यात दोष नाही. पुढे बघा.'
पुढे म्हणजे कुठे,
हे मी कधी मनातही आणलं नाही.

कॉलेज रोडला डॉक्टर लुणावतांनी
लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
सात तास दहा मिनिटं वापर. गळती नाही.
निळी रेघ निफाडच्या सपाट रानासारखी.
'इतका चांगला रिपोर्ट क्वचित दिसतो,' म्हणाले.
मी म्हटलं, 'काल एबीबी सर्कलच्या सिग्नलला
माझी गाडी मागच्या रिक्षावाल्याने जागी केली.'
ते गप्प झाले.
थायरॉइड बघून झालं होतं, बी-ट्वेल्व्ह, लोह,
सगळं रेषेच्या आत, जेमतेम का होईना.
मग पेनाचं टोपण लावत म्हणाले,
'मशीनमध्ये दोष नाही. पुढे बघू.'

मला हसूच फुटलं.
त्यांना वाटलं, रडतेय,
टिश्यूचा डबा सरकवला.
खरं तर मी हिशेब करत होते:
मी 'बघा' म्हणायचे, हे 'बघू' म्हणाले.
एका काना-उकाराचा फरक,
पण त्यात दोन माणसं मावतात.

दुसऱ्या दिवशी सिन्नरहून फोन.
पोरगा नवा असावा, आवाजात घाई.
'काटा बरोबर आहे, मॅडम, पण...'
मी म्हटलं, 'थांब. पाइप कुठून निघतो ते सांग.
मग वळण कुठे, ते सांग.'
बराच वेळ नुसता पंप ऐकू आला.
मग तो बोलायला लागला.
डबा गार झाला माझा. दोष काही सापडला नाही.
तरी फोन ठेवताना 'बरं वाटलं' म्हणाला.

आज थंडी सात अंशांवर उतरलीय.
नळीत वाफेचं पाणी साठून गुडगुडतं,
म्हणून तिला हेमराजचा जुना मफलर गुंडाळलाय.
मशीन माझ्या नाकात हवा ढकलतंय,
इमानदारीत, न चुकता,
पगार न मागता.
त्याच्यावर राग तरी कसा काढायचा?

शेजारी हेमराज झोपलाय, तोंड किंचित उघडं.
मी कोपर टेकून बघते,
येतोय, श्वास येतोय.

उद्या त्याने 'किती?' विचारलं
की आकडा आधी नाही सांगायचा.