लाल लेअर

माझगावच्या टेकडीवर, टाकीच्या माथ्यावरच्या बागेत
आम्ही रविवारी सातला जमतो,
ऊन स्क्रीनवर चढायच्या आत.
पायाखाली किती पाणी निजलंय
ते मला ठाऊक, मी पाणीखात्यात बिलं बघते.
बाकीच्यांना नुसतं गवत दिसतं.

नियम एकच. ज्याचं चित्र, त्याने बोलायचं नाही.
"अजून पुरं नाहीये" हेसुद्धा नाही.
टॅब हातोहात फिरतो
आणि आपण पाती तोडत बसायचं,
स्थळ बघायला आल्यासारखं
नखांकडे बघत.

तन्झीला रंगाचं बोलते.
"सावली काळी का केलीस?
शेजारच्या भिंतीचं काहीतरी लागतंच की तिला."
तांडेल बोलत नाही, आरशाचं बटण दाबतो.
डाव्याचं उजवं झालं की
आठवडाभर सुंदर दिसलेला चेहरा
दाढ काढून आल्यासारखा बसतो.
होडी तिरपी आहे का, हे म्हणे त्याचा बाप
ओणवा होऊन पायांमधून बघायचा.
खरं की थाप, कुणी विचारलं नाही.

आणि आल्वारिस काका.
तीस वर्षं गोदीत नकाशे काढलेले,
पेन अजून धरतात ते शाई ठिबकेल अशा बेताने.
चित्रावर नवा लेअर उघडतात,
त्याला नाव देतात : राग नको.
मग लाल रेघ.

माझ्या चित्रात आई होती, ओट्याशी उभी.
लाल रेघेने तिचा उजवा खांदा
दोन बोटं वर उचलला.
"हा पडलाय बघ. हाडं अशी नसतात."

तीन रात्री मी खांदा उचलत होते.
पुसलं, मागे गेले, पुन्हा मागे,
चाळीस पावलांनंतर टॅब म्हणाला
याच्या मागे आता काही नाही.
चौथ्या रात्री हाडं बरोबर आली
आणि ओट्याशी एक बाई उभी राहिली,
नीटनेटकी, सरळ,
आमच्या घरात कधीच न राहिलेली.

आमचा नळ खाली होता, चौकात.
तीन जिने. पाणी पहाटे चारला.
मला खांदा आठवत नव्हता,
मला जिन्यावरचा तो आवाज आठवत होता,
प्रत्येक वळणावर पितळ कठड्याला घासल्याचा,
आणि मी गोधडीत, मोजत :
सात. आठ. आता मधला मजला.

पुढच्या रविवारी मी खांदा पुन्हा पाडून नेला.
गप्प बसले. नियम.
गौरांगीने (दहावीत आहे, फक्त डोळे काढते)
विचारलं, "या रागावल्यात का?"
तांडेलने आरसा केला,
तर आता डावा खांदा पडला,
आणि तो पहिल्यांदाच ते उलट फिरवायचं विसरला.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
बराच वेळ. खाली गोदीत
एक क्रेन रिकामीच फिरून जागेवर आली.
"नळ खाली होता?"
मी मान हलवली. मान हलवणं चालतं.

त्यांनी राग नको उघडला.
जुनी रेघ तशीच ठेवली,
तिच्याशेजारी एकच नवी ओढली,
पडलेल्या खांद्यापासून सरळ खाली,
ओळंबा सोडावा तशी, फरशीपर्यंत.
"वजन काढलंस," म्हणाले,
"ते कशाचं, ते राहिलं."

मी अजून कळशी काढलेली नाही.
कुठे ठेवायची ते कळत नाही : हातात,
की नुकतीच उतरवलेली, ओट्यावर,
की आता घरी असते तशी
माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळून.

"काढशील तेव्हा," तन्झीला म्हणाली,
"तिची सावली तरी काळी करू नकोस."
टॅब पुढे सरकला.
पाळी तांडेलची, गप्प बसायची.
त्याला काय.