बरणीतला लाल दाणा

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली
मी नकाशे पसरले. कोपऱ्यांवर वजनं ठेवली :
स्टेपलर, माझ्या चाव्या,
आणि चर्चमधून आलेल्या मक्याच्या पावाची दोन ताटं.
बर्डेट काउंटीतून बाराजण आले,
त्यातले तिघे पावासाठी.

गडद निळ्यातून नदी जातेच, मी सांगितलं.
फिक्या निळ्यात ती बसायला येते.
आणि पांढरं म्हणजे...
"सुरक्षित?" मागून कुणीतरी.
पांढरं म्हणजे आम्ही तिथे मोजलं नाही,
किंवा मोजलं, आणि फार वाईट दिसलं नाही.

एलवुड प्रुइटने टोपी काढली.
"माझं घर दाखव."
मी बोट ठेवलं. टम्लिन ओढ्याच्या वळणावर
रेष त्याच्या स्वयंपाकघरातून गेली होती.
स्टोव्ह आत, पलंग बाहेर.
"म्हणजे अंडी तळताना विमा हवा,
झोपताना नको."
जिम हसलं. मीही हसले.
बँक हसणार नव्हती, ते दोघांनाही ठाऊक होतं.

मग तो गंभीर झाला. म्हणाला,
"शंभर वर्षांचा पूर सत्त्याहत्तरला येऊन गेला.
मोझेलला सातवा महिना होता,
कोंबड्या छपरावर, आम्हीही छपरावर.
म्हणजे आता दोन हजार सत्त्याहत्तर.
तोवर मी वर टेकडीवर, तिच्याशेजारी."

टेकडी नकाशावर पांढरी होती.
इथल्या माणसांनी आपले मेलेले उंचावर नेले
आणि स्वतः खाली राहिली,
कारण नांगर फिरेल एवढी सपाटी खालीच होती.
नकाशा नव्हता तेव्हाही त्यांना कळत होतं
कुणाला पळता येणार नाही.

मी पिशवीतून बरणी काढली.
नव्व्याण्णव पांढरे घेवडे, एक लाल.
दरवर्षी एक काढायचा, डोळे मिटून.
बघायचा.
आणि परत टाकायचा.
"परत?"
परत. लाल निघाला तरी परत.
नदी हिशेबाची वही ठेवत नाही, एलवुड,
मागच्या वेळी तुझ्याकडे आले, आता शेजारी,
असं तिचं नसतं.
तीस वर्षांचं कर्ज असेल तर तीसदा हात घालायचा.
चार घरं धर. त्यातल्या एकाच्या हाती
कधी ना कधी लाल येतो.

तो बराच वेळ बरणी हलवत राहिला.
मग म्हणाला, ही मी नेतो.

विमा त्याने काढला नाही.
फोन मात्र करायचा, एक जानेवारीला, सकाळी सात वाजता,
माझी झोप मोडून :
"पांढरा."
पुढच्या वर्षी, "पांढरा. तब्येत?"
त्याच्या पुढच्या वर्षी, खोकत, "पांढराच गं."
मी प्रत्येक वेळी म्हणायचे, परत टाकलास ना?
आणि तो अर्ज?
त्यावर फोन ठेवल्याचा आवाज.

चौथ्या वर्षी जुलैत पाऊस एकाच डोंगरावर अडून बसला.
पाणी रात्री दोनला आलं, ट्रेलर घेऊन, गोठ्याचं दार घेऊन,
कुणाचा तरी प्रोपेनचा पांढरा टँक फुसफुसत घेऊन.
माझ्या रेषेपाशी ते थांबलं नाही.
स्टोव्ह बुडाला, मग पलंगही,
वर दोन वीत.
त्याला पुतण्याच्या बोटीतून काढलं, टोपीसकट.

आठवड्याने मी गेले, मोजपट्टी घेऊन.
भिंतीवर चिखलाची ओळ होती, सरळ, कुण्या मोजणीदाराने ओढावी तशी.
मी तिची उंची लिहून घेतली. तेवढंच मला येत होतं.

तो पायरीवर बसला होता.
"जानेवारीत पांढरा निघाला होता," म्हणाला.
तक्रार नव्हती. नुसती नोंद.
मी म्हटलं, तुझी बरणी आणि तिची बरणी वेगळी.

त्याने पायाशी बोट दाखवलं.
बरणी फुटली नव्हती, झाकण तेवढं गेलं होतं.
गाळात घेवडे फुगून तडकले होते,
प्रत्येकातून वाकडा, फिकट कोंब.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
साली सुटल्या होत्या. सगळ्यांचा रंग चिखलाचा.
लाल कुठला, ते त्यालाही सांगता येईना.

"आता काढू कसा?" तो म्हणाला.
मी पिशवीतून अर्ज काढला,
आणि या वेळी पेनही.