स्वमूल्यांकन

फॉर्ममधला चौथा रकाना :
'या वर्षीचं तुमचं यश, तुमच्याच शब्दांत.'
मिहानच्या सहाव्या मजल्यावर एसी गारठलाय,
कर्सर लुकलुकतोय.
शेजारचा सलील सकाळीच भरून मोकळा,
त्याच्या घरी तीन पिढ्या असले फॉर्म भरतात.
आमच्याकडे स्वतःबद्दल चांगलं बोलत नाहीत.
दृष्ट लागते,
नाहीतर कोणी उसने मागायला येतं.

बाबा कळमन्यात मिरचीची पोती वाहतात.
ते दारात यायच्या आधी
आम्ही सगळे शिंकतो.
परवा विचारलं, "टीम लीड म्हणजे काय व्हय?"
म्हटलं, अकरा जणांचं काम बघते.
"म्हणजे मुकादम."
आणि गप्प झाले.
मुकादमाबद्दल बरं असं
त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

रात्री कूलरच्या घरघरीतून आवाज आला :
"सुकेशिनी, झोपली काय?
मुकादम काट्यापाशी उभा राहते.
आकडा मोठ्यानं वाचजो.
हळू वाचला का कोनाचा तरी किलो जाते."

'आमच्या टीमने' असं लिहिलं होतं, ते खोडते.
'मी' लिहिते.
एवढंसं अक्षर, तरी इकडेतिकडे बघून घेते.
मग अकरा जणांची नावं, एकेक, आडनावासकट,
आणि कुणी काय उचललं ते.

पाचवा रकाना : अपेक्षित पगारवाढ.
फोन हातात घेते.
साडेअकरा वाजलेत, गाड्या लागल्या असतील,
बाबा काही उचलायचे नाहीत.