आधी थुंकी लाव

तंगूस उन्हात ठेवू नये.
उरकुडा मारबते मे महिन्यात तो माठाखाली ठेवायचा,
डालड्याच्या जुन्या डब्यात.
"सेहेचाळीसात माणूस वितळते, मंग याचं काय?"
वीतभर वीतभर नखावरून ओढून बघायचा,
खरखर लागली की कापून टाकायचा तिथून पुढचा सगळा.

दुकान म्हणजे शुक्रवारी तलावामागची एक फळी.
गळ, शिसं, मोरपिसांचे देठ,
कणकेत मळायची बडीशेप.
त्याच्या आधीची तीन गेली
म्हणून आईनं याला उकिरड्यावर ठेवून परत उचललेला.
"म्हणून हे नाव. मी टिकलो ना पण."

मी मोजणी खात्यातली कारकून.
आठवडाभर बांध, खुणा, भाऊबंदांची कोरडी तोंडं.
रविवारी फुटाळ्यावर, त्याच्या शेजारी.
तो शिकवायचा, माझ्याकडे न बघता:
कड्यातून घाल. आता स्वतःभोवतीच गुंडाळ. पाच फेरे.
तीन पुरत नाहीत. सात केले तर एकमेकाले चावतात.
टोक मागं आण, गळाजवळच्या फटीतून.
आता जो मोठा फास झाला, त्याच्यातून.
थांब.
ओढू नको, पोरी. आधी थुंकी लाव.
कोरडी ओढली का आतल्या आत जळते.
वरून काहीच दिसत नाही.

एकदा माझा रोहू गेला. मोठा होता.
(सगळे गेलेले मोठेच असतात, तो म्हणाला.)
मी तंगूसाला शिव्या दिल्या, दुकानदारालाही,
म्हणजे त्यालाच.
त्यानं उरलेलं टोक बोटावर घेतलं, चष्मा वर केला.
डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं ते.
"सरळ तुटलं असतं तर तंगूसाचा दोष.
हे वळलं. तुयी गाठ सरकली."

तेव्हापासून मी टोकं बघते.
त्याचा खुशाल अकरा वर्षांपूर्वी भिलाईला गेला,
भांडण कशावरून, ते फळीवर कुणी बोलत नसे.
ते टोक कसं होतं, वळलेलं की सरळ,
ते उरकुडानं कधी दाखवलं नाही.
मीही मागितलं नाही. खात्यात एवढं शिकते माणूस:
काही हद्दी मोजायच्या नसतात.

मग मेडिकलचा वॉर्ड, खाट खिडकीजवळची.
उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला उतरलेलं.
सलाईनच्या नळीकडे एकटक बघत होता,
मला वाटलं, नंबर ओळखतोय. चाळीस की पन्नास.
पायाशी एक माणूस उभा, रेल्वेतली पिशवी खांद्यावरच,
हातांचं काय करावं हे न कळलेला.

माझ्या पर्समध्ये तंगूसाची गुंडी होती, असतेच.
किल्ल्यांच्या कड्यातून टोक घातलं.
कडं त्यानं डाव्या अंगठ्याखाली दाबून धरलं.
मी फेरे घेतले, तो पापणीनं मोजत होता.
पाचाला पापणी मिटली ती उघडेचना
तेव्हा मी घाबरले. मग उघडली.
फटीतून. फासातून.
आणि मी, इतक्या रविवारांनंतर, विसरले.
ओढणारच होते.

त्यानं जीभ बाहेर काढली. जेमतेम.
मी गाठ त्याच्या ओठांशी नेली.

दुसरं टोक मी त्या माणसाला दिलं.
त्यानं न विचारता मुठीला दोन वेढे घेतले,
जसे लहानपणी फळीशेजारी बसून घेतलेले असणार,
आणि हिसका न देता ओढलं, हळू, आणखी हळू,
कडं उरकुडाच्या अंगठ्यात रुतेपर्यंत.
सिस्टर म्हणाल्या, हे काय चाललंय?
कोणीच उत्तर दिलं नाही.

टोक कापताना जरा शेपूट ठेवावं,
अगदी बुडाशी कापू नये, हेही त्याचंच.
मी ठेवलं.
अजून ते तसंच आहे,
रात्री घराचं कुलूप उघडताना
तळहाताला टोचतं.