तराजूची पेटी

गटिंगेनहून परतताना त्याने बाकीचं सामान
बोटीच्या पोटात जाऊ दिलं,
तराजू मात्र मांडीवर घेतला.
काचेच्या पेटीतला, माशीचा पंखही जोखणारा.
एकेचाळीस दिवस खारं मांस, उलट्या,
आणि तान्ह्या मुलासारखी सांभाळलेली ती पेटी.
हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही.
त्याच्या बहिणीने सांगितलं, फार नंतर,
वाटाणे सोलता सोलता.

पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या खोऱ्यात तेव्हा विचारत,
गाईमागून चालायला कॉलेज कशाला?
योस्ट ब्रेनाइझर तर भर सभेत म्हणाला,
"माझा बाप माती जिभेवर ठेवून गहू पेरायचा.
ह्या साहेबांना चाखायला बाटल्या लागतात."
सभा हसली. थॅडियस ऑर्कटही हसला.
म्हणाला, "आणा की मग. चाखतो."

आणि माती येत राहिली.
तंबाखूच्या डब्यांतून, गाठ मारलेल्या मोज्यांतून.
एकाने पत्रातच बांधून धाडली,
मजकूर मातीनेच पुसून टाकलेला.
कोणा विधवा लोव्हिना हार्टरने
बाळाच्या टोपड्यात.
तीनशे अकरा पुड्या.
तो रात्र रात्र भाजायचा, विरघळवायचा, गाळायचा,
काटा स्थिर होईतो श्वास धरून बसायचा,
आणि सकाळी प्रत्येकाला उत्तर लिहायचा
त्याच्या त्याच्या शेताच्या नावाने.

त्याच सालात प्लायनी स्टॉडर्ट
पेरूच्या बेटांवरचं पाखरांचं खत विकत फिरत होता.
पिशवीवर समुद्रपक्षी छापलेला, निळा, ऐटबाज.
ऑर्कटने जिल्ह्याच्या जत्रेत
बक्षिसाच्या भोपळ्यांशेजारी टेबल मांडलं,
एक पिशवी फोडली, दुपारभर जोखली.
विटांची भुकटी. वाळू. आणि खरं खत
फक्त वासापुरतं.
"वासाचे पैसे दिलेत तुम्ही," तो म्हणाला.
या वेळी कोणी हसलं नाही.
ब्रेनाइझर बोटांवर काहीतरी मोजत
बराच वेळ उभा राहिला.
महिन्याभराने त्याने कॉलेजला साठ एकर दिले,
सगळे बुडखे आणि धोंडे.
"चांगली जमीन मी देणार नाही," म्हणाला,
"चांगलीला तुमची गरज काय?"

आम्ही पहिले चौतीस जण आलो
तेव्हा इमारतीला तीनच भिंती होत्या.
सकाळी बुडखे उपटायचे, दुपारी रसायन,
रात्री शाई गोठायची, ती शेगडीवर धरायची.
सरकारने कबूल केलेल्या पैशांतले निम्मे आले.
छपराच्या पाट्या ऑर्कटच्या पगारातून आल्या,
हेही बहिणीनेच सांगितलं.

पहिल्या तासाला त्याने फळ्यावर काही लिहिलं नाही.
वही उघडून एक पान वाचलं:
हार्टरबाईंची माती. चुना ठीक, पोटॅश ठीक,
स्फुरद ठीक. तरी तीन वर्षं काही उगवत नाही.
खाली त्याच्याच अक्षरात,
*कारण मला कळत नाही.*
वही मिटली. म्हणाला,
"हे कॉलेज या ओळीसाठी काढलंय.
चला, कुदळी घ्या."

दुसऱ्या वसंतात तापाने नेला त्याला, सहा दिवसांत.
छत्तिसावं सरत होतं.
पुढे दाराशी पितळी पाटी लागली.
तिच्यावर गव्हर्नर आहेत, दोन न्यायाधीश आहेत,
ऑर्कटच्या नावात एक अक्षर कमी आहे,
आणि प्लायनी स्टॉडर्टचं नाव अगदी बिनचूक.
मनोऱ्यातली घंटा त्याने दिली ना.
घंटा चांगली आहे. सात मैल ऐकू जाते.

आता तराजू माझ्याकडे असतो.
दर तासाला ती घंटा होते
आणि काचेआड काटा थरथरू लागतो.
नवी पोरं लगेच आकडा लिहायला जातात.
मी म्हणतो, हात मागे घ्या.
पेटीचं दार लावा.
थांबा थोडं.