मुनाफ मिस्त्रीचं निदान

लिलाव आटोपला होता,
वाळूत बर्फाचे खडे विरत होते.
हर्णै बंदरात मी म्हटलं,
"डोक्याला शॉट आहे रे, मुनाफ.
टाळकं सणकलंय."
तो इंजिनात खांद्यापर्यंत.
"शॉट नाय. हवा धरलीय."

तीन रात्री एकच घोळ,
बोट विकू की नको.
बायको म्हणते, डोक्याचा भुगा करू नका.
भावाचा मेसेज: भेजा चालव जरा.
चालवतोय की.
न्यूट्रलला.

मुनाफनं नट सैल केला, अर्धाच आटा,
हातपंप मारला.
आधी फेस, मग बुडबुडे,
मग सलग डिझेल.

पाना माझ्या हातात देत म्हणाला,
"बोल आता. काय अडकलंय?"

मी तोंड उघडलं,
आणि आधी
नुसता फेस.